खड्डा ओलांडल्यावर न थांबणारी स्टिअरिंगची थरथर: आधी काय तपासावे आणि कोणत्या रचनेत काय आधी झिजते

पुढे अखंड अ‍ॅक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकसंध आस) असलेल्या फोर-बाय-फोर गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडे एक तक्रार हमखास येते: डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारी तेलाची नळी) नवा बसवला, काही दिवस बरे गेले आणि स्टिअरिंग पुन्हा थरथरू लागले. ही तक्रार मी अनेकदा हाताळली आहे आणि जवळजवळ दर वेळी असे दिसले की, डॅम्परने दोष नुसता झाकला होता. थरथरीचे मूळ कुठल्या तरी सांध्यातल्या मिलिमीटरभर ढिलाईत असते. तो सांधा सापडेपर्यंत एकामागून एक सुटे भाग बदलत राहण्यात पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.

लक्षणे

स्टिअरिंग हलते एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नाही, कारण वरवर सारख्या वाटणाऱ्या तक्रारींची कारणे अगदी वेगळी असतात.

पहिल्या प्रकारात थरथर एका ठरावीक वेगाला, बहुधा ताशी 70 ते 90 किमीच्या दरम्यान, गुळगुळीत रस्त्यावरही सुरू होते आणि वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की नाहीशी होते. हे टायर, रिम किंवा बॅलन्सिंगचे लक्षण आहे.

दुसऱ्या प्रकारात गाडी नीट चाललेली असते. पण एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा ओलांडताच पुढची दोन्ही चाके जोरजोरात डावी-उजवीकडे झटके घेऊ लागतात, स्टिअरिंग हातातून निसटू पाहते आणि वेग बराच उतरेपर्यंत हे थांबत नाही. चालक याला डेथ वॉबल म्हणतात. पुढील तपासण्या मुख्यतः याच प्रकारासाठी आहेत.

गाडी सरळ न जाता भरकटत असेल, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल किंवा मध्यावर बरेच फिरवूनही चाक हलत नसेल, तर संशय कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल), टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) आणि स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणारी दातेरी पेटी) यांवर घ्यावा. टायरची एकच कड झिजणे किंवा ब्रेक लावताना ठक् असा आवाज येणे ही बहुधा स्वतंत्र सस्पेन्शनच्या (जिथे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होते अशा) गाड्यांची लक्षणे असतात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

गाडी चालवतानाच वॉबल सुरू झाले, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे पण अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, आणि जोरात ब्रेक न दाबता वेग उतरू देऊन गाडी कडेला घ्यावी. अचानक ब्रेक मारल्यास पुढच्या अ‍ॅक्सलवर भार येतो आणि झटके वाढू शकतात.

हे मुळात का घडते

फिरणारे चाक एका बाजूला कलले की ते स्टिअरिंगच्या उभ्या अक्षाभोवती वळू पाहते. फिरत्या वस्तूचा तो गुणधर्मच आहे. अखंड अ‍ॅक्सलमध्ये एक चाक उंचावले की संपूर्ण अ‍ॅक्सल कलतो, म्हणजे दुसरे चाकही कलते, आणि टाय रॉड या आडव्या दांड्याने जोडलेली दोन्ही चाके एकत्र वळतात. या वळण्यामुळे अ‍ॅक्सल उलट्या दिशेने ढकलला जातो आणि पुढचा झटका तयार होतो. सगळे सांधे घट्ट असतील तर ही हालचाल एक-दोन हेलकाव्यांतच विरते. पण कुठेही मोकळी जागा असेल तर अ‍ॅक्सलला सरकायला वाव मिळतो आणि प्रत्येक हेलकावा पुढच्याला बळ देतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एका चाकाचा कल दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे हा दोष तिथे या रूपात क्वचितच दिसतो.

टायर आणि रिम

ही तपासणी फुकट असते, म्हणून ती आधी करावी. चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला गाळ वाळून दगडासारखा होतो आणि बाहेरून दिसत नाही. हिशेब करून पाहावा: 750 मिमी व्यासाचा टायर ताशी 72 किमी वेगाला सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतो. चाकाच्या मध्यापासून 20 सेंटीमीटरवर चिकटलेला 100 ग्रॅमचा गोळा त्या वेगाला सुमारे 57 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 6 किलो वजनाइतका ओढा निर्माण करतो, आणि तोही सेकंदाला साडेआठ वेळा. बॅलन्सिंग यंत्रावर पंधरा-वीस ग्रॅमचे शिसे का मोजून लावतात, हे यावरून कळते. म्हणून रिम आतून खरवडून, पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवावे आणि नंतरच पुढचा विचार करावा.

वाळूत किंवा खडकांवर जाण्यासाठी कमी केलेली टायरची हवा पुन्हा पूर्ववत भरली आहे का, हेही पाहावे. मऊ टायरच्या भिंती आडव्या लवचिक होतात आणि वॉबलला आयते निमित्त मिळते. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासावेत. त्यानंतर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून गाडी त्याच रस्त्यावर चालवावी. थरथरीचे स्वरूप बदलले तर दोष टायरमध्ये आहे. काहीच बदलले नाही तर टायरवर आणखी खर्च करू नये. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर किंवा बाहेर आलेले रिम बसवले असतील तर ते वॉबलचे मूळ असतीलच असे नाही, परंतु चाकाला बसणारा प्रत्येक धक्का ते लांब दांड्याने सांध्यांपर्यंत पोहोचवतात. त्यामुळे मूळ चाकांवर खपून गेलेली ढिलाई त्यांच्यामुळे उघडी पडते.

नजरेने पाहणी

गाडी धुऊन, वाळवून, पुढच्या अ‍ॅक्सलचा प्रत्येक बोल्ट विजेरीच्या उजेडात पाहावा. हलणारा बोल्ट स्वतःची खूण सोडतो: वॉशरभोवती लालसर गंजाची भुकटी, रंग उडून चमकणारी धातूची कड किंवा बुशच्या, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळीवजा अस्तराच्या, रबराला पडलेली आडवी भेग. स्टिअरिंग बॉक्स चॅसिसला जिथे बसतो, तिथली वेल्डिंगची रेघ विशेष लक्ष देऊन पाहावी. तिथे केसाएवढी जरी भेग दिसली तरी पुढच्या तपासण्या थांबवाव्यात आणि गाडी रस्त्यावर नेऊ नये.

चाके जमिनीवर ठेवून स्टिअरिंग हलवणे

यासाठी एक सोबती लागतो. अवजार मात्र लागत नाही. माझ्या अनुभवात वॉबलची बहुतेक प्रकरणे याच तपासणीत उलगडतात, म्हणून ती उरकून टाकू नये. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवावा. पॉवर स्टिअरिंगचा जोर मिळावा म्हणून इंजिन सुरू ठेवावे. सोबत्याने स्टिअरिंग मध्यापासून घड्याळातल्या अकरा ते एकच्या अंतराएवढे भराभर डावी-उजवीकडे हलवत राहावे. आपण बाजूने, चाकाच्या कक्षेपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर राहून, एका वेळी एकच सांधा पाहावा आणि शक्य असेल तिथे सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून बोट ठेवावे. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते.

सुरुवात पॅनहार्ड रॉडपासून करावी. हा आडवा दांडा एका टोकाने चॅसिसला आणि दुसऱ्या टोकाने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणे हे त्याचे एकमेव काम असते. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक हा दांडा चाकाला ढकलतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया हाच दांडा सोसतो. त्याच्या टोकाशी एक मिलिमीटर जरी मोकळा असला, तरी संपूर्ण अ‍ॅक्सल तेवढा सरकतो आणि स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. दांडा बोल्टभोवती आधी सरकून मग ओढला जाताना दिसला, तर बोल्ट काढून छिद्र तपासावे. ढिला बोल्ट बराच काळ हलत राहिला तर ब्रॅकेटचे गोल छिद्र लंबगोल होते. अशा छिद्रात नवा बुश आणि नवा बोल्ट घालून कितीही आवळला तरी तो पुन्हा सैल होतो. दोष परत परत येण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि ते बहुतेकदा दुर्लक्षित राहते, कारण भाग बदलणारा बुश पाहतो, छिद्र पाहत नाही.

दुसरे कारण याहून साधे आहे. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळताच ब्रॅकेटला घट्ट धरली जाते आणि पुढची सारी हालचाल रबराच्या पिळात होते. गाडी जॅकवर असताना, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि अकाली फाटते. म्हणून पॅनहार्ड रॉड आणि रेडियस आर्म (आसाला पुढे-मागे सरकू न देणारा दांडा) यांचे बोल्ट शेवटी, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच, पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळावेत.

पॅनहार्ड रॉड निर्दोष ठरला तर क्रमाने ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा), पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा आखूड दांडा) आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट पाहावेत. टाय रॉड स्वतःभोवती किंचित फिरणे स्वाभाविक आहे; बॉल त्याच्या खोबणीत वर-खाली किंवा आडवा सरकणे मात्र स्वाभाविक नाही.

डॅम्परबद्दल थोडक्यात: तेल गळत असेल, दांडा वाकला असेल किंवा हाताने दाबताना मध्येच पोकळ लागत असेल, तर तो बदलावा. पण वर सांगितलेली ढिलाई काढल्याशिवाय नवा डॅम्पर बसवू नये, जाड डॅम्पर तर मुळीच नाही. त्याच्या आड सांधा गुपचूप झिजत राहतो आणि पुढचे वॉबल अधिक वेगात येते.

चाक उचलून तपासणी

जॅक अ‍ॅक्सलखाली लावून चाक जमिनीपासून थोडे उचलावे आणि जॅकस्टँड लावल्याशिवाय कोणताही अवयव गाडीखाली नेऊ नये. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेकने हब (चाकाचा फिरणारा मध्य) आणि स्टिअरिंग नकल (हबला धरून वळणारा भाग) एकत्र धरले जातात. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, आणि तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये, म्हणजे नकल ज्यावर वळते त्या सांध्यात, आहे. ही एक युक्ती न वापरल्यामुळे चांगली बेअरिंगे फुकट बदलली जातात. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडची ढिलाई कळते. शेवटी टायरखाली पहार घालून चाक अलगद वर उचकटावे. बॉल जॉइंटचा उभा खेळ असाच सापडतो.

किंगपिन बेअरिंग असलेल्या गाड्यांत आणखी एक पाऊल लागते. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवून नकल हाताने फिरवावे. ते जडपणे, एकसारख्या विरोधाने फिरले पाहिजे. दाराच्या बिजागरीसारखे सहज झुलले तर बेअरिंगवरचा आरंभीचा ताण संपला आहे. किती ताण हवा हे तणावकाट्याने ओढून मोजतात आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून किंवा काढून जुळवतात. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. सरळ दिशेला नकल अडखळत असेल तर बेअरिंगच्या वाटीला खळगे पडले आहेत, आणि तिथे शिमने काम भागत नाही. नकलच्या गोळ्यातून पातळ, काळा, तेलकट रस ओघळत असेल तर अ‍ॅक्सलचे आतले सील फुटून गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळले आहे. ग्रीस धुऊन गेले की किंगपिन बेअरिंग फार काळ टिकत नाही. म्हणून सील न बदलता नुसते बेअरिंग बदलणे व्यर्थ आहे.

उंची वाढवलेल्या गाड्या आणि अलाइनमेंट

सर्व सांधे घट्ट असूनही वॉबल राहत असेल, तर भूमितीकडे वळावे. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष मागे कलण्याचा कोन. तो चाकाला सरळ रेषेत परत आणतो. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत तो मुळातच थोडा, साधारण 2 ते 5 अंश असतो. रेडियस आर्मच्या रचनेत आर्म अ‍ॅक्सलला जखडलेला असल्याने, उंच स्प्रिंग बसवून अ‍ॅक्सल चॅसिसपासून दूर गेला की तो आर्मबरोबर पुढे कलतो. आर्म एक मीटर लांब असेल आणि उंची 50 मिमीने वाढवली, तर जवळजवळ 2.9 अंश कॅस्टर नाहीसा होतो. म्हणजे मूळ 3 अंशांपैकी काहीच उरत नाही. ऑफसेट (छिद्र मध्यापासून सरकवलेला) बुश किंवा दुरुस्त केलेले आर्म बसवून तो परत मिळवावा लागतो. उंची वाढवताना ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर राहिले आहेत का, हेही पाहावे. एकाचा कोन बदलला आणि दुसऱ्याचा नाही, तर सस्पेन्शन दबताना प्रत्येक वेळी स्टिअरिंग आपोआप थोडे वळते.

टो-इन घरीही मोजता येतो: दोन्ही टायरच्या मध्यभागी खडूने रेघ ओढून, हबच्या उंचीवर पुढचे आणि मागचे अंतर टेपने मोजावे. बहुतेक अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांना पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवे असते. कॅस्टर मात्र टेपने मोजता येत नाही. त्यासाठी अलाइनमेंट यंत्र लागते.

स्टिअरिंग बॉक्स सर्वांत शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत कमी वेळा दोषी असतो आणि सर्वांत जास्त वेळा बिघडवला जातो. त्याच्या झाकणावरचा समायोजनाचा स्क्रू मध्यावरचा खेळ कमी करतो. मध्यावर हा बॉक्स मुद्दाम घट्ट आणि वळलेल्या स्थितीत थोडा सैल बनवलेला असतो. चाके वळवून खेळ मोजला आणि तो घालवण्यासाठी स्क्रू आवळला, तर सरळ दिशेला बॉक्स अडकतो, दाते झिजतात आणि स्टिअरिंग मध्यावर परत येईनासे होते.

कोणती रचना कशी झिजते

टिकाऊपणाची तुलना करताना कोणती गाडी मजबूत, हा प्रश्न फारसा उपयोगी ठरत नाही. कोणता भाग आधी झिजतो आणि झिजताना सूचना देतो का, हे विचारावे. जीप रँग्लरच्या पुढच्या अखंड अ‍ॅक्सलवर नकल बॉल जॉइंटवर बसतो. बॉल जॉइंट आटोपशीर आणि सीलबंद असतो, पण त्यात समायोजनाची सोय नसते. खेळ आला की तो बदलावाच लागतो. सुझुकी जिम्नी आणि टोयोटाची 1984 पासून चालत आलेली लँड क्रूझर 70 मालिका यांत किंगपिन बेअरिंग आहेत. त्यांची देखभाल अधिक कटकटीची, परंतु शिमने जुळवून ती दीर्घकाळ चालवता येतात. चिखल-पाण्यात जाणाऱ्या आणि नियमित ग्रीसिंग होणाऱ्या गाडीसाठी मी दुसरी रचना पसंत करीन. ग्रीसिंग होणारच नसेल तर पहिली बरी.

1941 च्या विलीज जीपसारख्या जुन्या गाड्यांत पुढेही कमानपाटे असत आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरण्याचे काम पाटेच करत. तिथे पॅनहार्ड रॉड नसल्याने त्याची ढिलाईही नाही. पण शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) बुश, यू-बोल्ट आणि पाट्यांचा मधला बोल्ट तेच दुखणे आणतात. मधला बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते.

स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनकडे आता अनेक नामवंत गाड्या वळल्या आहेत: मर्सिडीजच्या जी-क्लासने 2018 मध्ये पुढचा अखंड अ‍ॅक्सल सोडला, नव्या लँड रोव्हर डिफेंडरने तर मागचाही सोडला, आणि महिंद्रा थारला 2010 पासूनच पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. या रचनेत वॉबलची भीती जवळजवळ नसते, परंतु सांध्यांची संख्या वाढते. दर बाजूला साधारण दोन बॉल जॉइंट, टाय रॉडचे दोन सांधे आणि आर्मचे (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे) चार बुश असतात, आणि ते सगळे शांतपणे झिजतात. अखंड अ‍ॅक्सल बिघडला की ओरडून सांगतो. इथे बहुधा टायरची आतली कड गुळगुळीत झाल्यावरच लक्षात येते. म्हणून अशा गाडीत अलाइनमेंट दर वेळी बिघडत असेल तर पुन्हा अलाइनमेंट करण्याआधी आर्मचे बुश आणि स्टिअरिंग रॅकचे (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याचे) बुश तपासावेत. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्या आर्मखालीच लावावा. चॅसिस उचलल्यास खालचा बॉल जॉइंट स्प्रिंगच्या दाबाखाली राहतो आणि खेळ असूनही दिसत नाही.

कुठे थांबावे

चॅसिसला किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटला भेग, वाकलेला अ‍ॅक्सल, लंबगोल झालेले छिद्र, दाबयंत्राने काढावा लागणारा बॉल जॉइंट, कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार सोडवण्याची वेळ आणि स्टिअरिंग बॉक्स उघडण्याची गरज, यांपैकी काहीही समोर आले तर हात थांबवून गाडी जाणकार मेकॅनिककडे सोपवावी. भेग सापडली असेल, बॉल जॉइंटला स्पष्ट खेळ असेल किंवा वॉबल प्रत्येक खड्ड्यावर येत असेल, तर ती चालवत न नेता ओढून न्यावी. टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि पिटमन आर्म यांवर वेल्डिंग कोणालाही करू देऊ नये. हे भाग सरळ बदलावेत.

गाडी सोपवताना कोणत्या तपासण्या झाल्या आणि कोणता सांधा हलताना दिसला, हे लिहून द्यावे. अलाइनमेंटनंतर केवळ टो-इन न पाहता कॅस्टरसह छापील आकडे मागावेत, बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळले का हे विचारावे, आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्यावा. पुढच्या काही शे किलोमीटरनंतर पॅनहार्ड रॉडचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासावेत.